सहा डिसेंबरचा सण

तांबडवाडी, पो. चिटगुप्पा
रविवार, १० नोव्हेंबर १९६८

येशू मरिया जोसेफ

ती. अण्णास,
धाकट्या नागूचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही खुशाल. तुझी खुशाली तू कळवत नाहीस म्हणून मीच विचारते. सुशीलावहिनींचा खोकला थांबला का? आणि नौबादच्या शाळेतल्या पोरांना अजून उभं करून पाढे म्हणायला लावतोस का? मला लावायचास तसेच?

बातमी अशी की आपली लुसी यंदा पहिला ख्रिस्तप्रसाद घेणार. मिस्सात प्रभूची भाकर पहिल्यांदा जिभेवर घ्यायची, म्हणजे आमच्या पोरींचं ते अर्धं लग्नच समज. पांढरा झगा, डोक्यावर जाळीची ओढणी, हातात मेणबत्ती. झग्याचं कापड मामानं आणायचं आणि शिवलेला झगा चर्चच्या दारात स्वतःच्या हातानं पोरीच्या खांद्यावर टाकायचा, मग आत नेऊन तिला तयार करायचं, अशी आमच्या गल्लीची रीत आहे. हा नियम काही रोमहून आलेला नाही, आपल्याच लोकांनी घातलाय. पण मामाशिवाय आत गेलेली पोर आजवर मी पाहिलेली नाही.

फादरांनी दिवस धरलाय सहा डिसेंबरचा, आमच्या संत निकोलसच्या सणाचा. सहा तारीख वाचून तुझ्या कपाळावर पडलेली आठी मला इथून दिसते. तो बाबासाहेब गेल्याचा दिवस, हे मला का ठाऊक नाही? गल्लीची उजवी घरं आमची, डावी घरं दीक्षा घेतलेल्यांची. एकाच तारखेला एकीकडे सण आणि दुसरीकडे दुखवटा. दोन वर्षांपूर्वी तू सत्यभामाबाईंच्या अंगणात वंदना घ्यायला आलास आणि समोरून आमचा बँड लग्नाची चाल वाजवत गेला. पुढे क्लॅरिनेट घेऊन लुसीचे बाबाच होते. तू माझ्या घरचं पाणीही न पिता बस धरलीस, ती आजपर्यंत परतली नाही.

आई-अप्पा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तू. बाप्तिस्मा घेऊन अन्ना झाले तरी माहेर दुसरं मिळत नाही. लुसी रोज विचारते, मामा कधी यायलाय म्हणून. मी तिला काय सांगू ते तूच लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नागू

*

नौबाद, बिदर
१६ नोव्हेंबर १९६८

जय भीम

चि. सौ. नागूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. वहिनीचा खोकला बरा आहे. पाढे उभे राहूनच म्हटले जातात, आणि तुला अजून तेराचा येत नाही हे मी विसरलेलो नाही.

लुसीचे वाचून आनंद झाला. पण सहा तारखेला मी येऊ शकत नाही. त्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळपर्यंत चूल पेटत नाही. सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून सभेला जातो आणि वंदना मी घेतो. बाप गेलेल्या दिवशी कुणी दुसऱ्याच्या सणाला जाते का?

तुझ्या संताशी माझे वैर नाही. गरिबाच्या पोरींची लग्ने व्हावीत म्हणून तो खिडकीतून गुपचूप मोहरा टाकायचा, असे तूच मला सांगितले होतेस. असा माणूस रडणाऱ्या बायकांच्या समोरून वाजतगाजत गेला नसता. त्या दिवशी सत्यभामाबाई पदर तोंडात धरून बसल्या होत्या, आणि याकोबराव गाल फुगवून वाजवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चाल बदलली नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. याकोबरावांना जय भीम सांग, घेतला तर.

तुझा,
अंकुशअण्णा

*

तांबडवाडी
गुरुवार, २१ नोव्हेंबर १९६८

येशू मरिया जोसेफ

ती. अण्णास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, पदर खोचला आणि तडक फादरांकडे गेले. आमचे फादर मंगळूरकडचे, मराठी बोलताना निम्मं कानडी येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच रागावले, की इतकी वर्षं हे आपल्याला कुणी सांगितलं कामून न्हाई? मग म्हणाले, संताची मिस्सा सहालाच होईल, पण पोरींचा ख्रिस्तप्रसाद रविवारी आठ तारखेला ठेवू, मरियामातेच्या सणाला. झालं! मी घरी येईपर्यंत आनंदानं दोनदा ठेचकाळले.

पण बँडचं जमलं नाही. रात्री जेवताना ह्यांच्याकडे विषय काढला, की शुक्रवारी आपल्या मिरवणुकीत बँड नको. हे भाकरी मोडायचे थांबले. म्हणाले, पटकीच्या साथीत आपल्या आज्यानं संताला वाजंत्रीचा नवस बोललाय, तो मी कसा मोडू? आमच्या चर्चच्या आप्पाराव पंचांना कुठून वास लागला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ते दारात हजर. आज बँड बंद करायलाव, उद्या म्हणतील घंटाबी बंद करा, असं म्हणून गेले. ह्यांना बँड म्हणजे जीव की प्राण. नाताळच्या मिस्सात देवदूतांचं गाणं सुरू होताना ह्यांचं क्लॅरिनेट वर चढतं, तेव्हा हे वर्षभराचे कष्ट विसरतात. त्यांचा राग मला येतो आणि कीवही येते.

पण तुला रविवारी यायचंय, शुक्रवारी नाही. बँड शुक्रवारी वाजेल आणि संपेल. तू मात्र ये. मी तुझ्यासाठी ज्वारीच्या पिठाच्या धपाट्या करते, कांदा जास्त घालून.

बहिणीवरचा लोभ कमी करू नये, ही विनंती.

नागू

*

नौबाद, बिदर
२७ नोव्हेंबर १९६८

जय भीम

चि. सौ. नागूस अनेक आशीर्वाद.

तू फादरांकडे गेलीस हे वाचून मला तुझा अभिमान वाटला. त्यांना माझा आदर कळव.

पण नागू, शुक्रवारी ज्या गल्लीतून लग्नाची चाल वाजणार, त्याच गल्लीतून रविवारी मी नवे कपडे घालून हसत कसा येऊ? डाव्या हाताच्या घरांपुढून मला चालावे लागेल. ती माणसे मला काही बोलणार नाहीत, पण तेच जड आहे.

सोबत पार्सल आहे. तुझी वहिनी गुलबर्ग्याला गेली होती, तिथून लुसीसाठी पांढरे कापड आणले. लेस वेगळी गुंडाळली आहे. चांगल्या शिंप्याकडून शिवून घे. मामाचे कर्तव्य पोचले असे समज.

लुसीला गोड पापा.

अंकुशअण्णा

*

तांबडवाडी
सोमवार, २ डिसेंबर १९६८

ती. अण्णास सा. न. वि. वि.

कापड सुरेख आहे. परत पाठवते आहे. बिदरला जाणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरकडे दिलंय, स्टँडवर जाऊन घे.

कर्तव्य पोचलं म्हणतोस! कर्तव्य शिक्क्याचं पार्सल करून आलं तर खांद्यावर टाकायला कोण, पोस्टमन? मला कापड नको होतं, मामा हवा होता. लुसी माझ्या जुन्या पातळाचा झगा घालून जाईल आणि दारात तिच्या खांद्यावर कुणाचा हात नसेल. लोक विचारतील, काय सांगायचं ते मी बघीन.

कालपासून आमचा आगमनकाळ लागला, नाताळची वाट पाहायचे चार आठवडे. फादर जांभळा झगा घालतात आणि म्हणतात, येणाऱ्यासाठी वाट मोकळी करा. मी ऐकून घेते. आणखी किती मोकळी करू?

तुझं कापड परत करताना गाठ दोनदा सोडून पाहिली. तरी केलं. माझ्या स्वभावाला तूच वळण लावलंस, आता भोग.

नागू

*

नौबाद, बिदर
शुक्रवार, ६ डिसेंबर १९६८, सायंकाळ

चि. सौ. नागूस अनेक आशीर्वाद.

तू आज दिवसभर काळजीने अर्धी झाली असशील. लुसी आणि याकोबराव माझ्या घरी आहेत. दोघे सुखरूप आहेत. शेवटची बस चुकली म्हणून उद्या पहिल्या बसने येतील आणि हे पत्र याकोबरावांच्याच हातून तुला मिळेल. चिटगुप्प्याला पोरीचे बूट घ्यायला जातो, असे तुला सांगून ते निघाले होते म्हणे. त्याबद्दल त्यांना रागावू नकोस, किंवा थोडेच रागाव.

सकाळी मी पांढरे कपडे घालून निघतो आहे तोच दारात हे दोघे. याकोबराव चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, की तुमी येत न्हाई म्हणून पोरीला घेऊन मीच आलोय. आज तुमच्यात बसू द्या. बाकीचं तुमी ठरवा. मी म्हणालो, आज तर तुमच्या संताचा सण, तुमच्याशिवाय बँड कसा निघणार? ते म्हणाले, न्हाई निघायचा. एवढेच. मग मी त्यांना आत घेतले.

चूल बंद पाहून लुसीने वहिनीला विचारले, मामी, तुला बरं न्हाई का? वहिनीने तिला सगळे समजावून सांगितले. मग पोरीने दिवसभर काही खाल्ले नाही. ख्रिस्तप्रसादाआधी उपाशी राहायचे असते, त्याची आतापासून सवय करते म्हणाली. मोठ्या माणसासारखे बोलते, अगदी तुझ्यावर गेली आहे.

सभेत दोघे मागे बसले. फुले वाहायची वेळ आली तेव्हा लुसी रांगेत माझ्या पुढे उभी राहिली. बाबासाहेबांच्या फोटोपुढे तिने फूल ठेवले, हात जोडले आणि सवयीने कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढला. मला घाम फुटला. जगदेवप्पा मास्तरांनी मला विचारले, ही कुणाची पोर? मी मोठ्याने सांगितले, माझी भाची. एका म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. याकोबराव मागे मान खाली घालून बसले होते. दोन वर्षे मी त्या माणसाला मनात काय काय बोललो होतो, नागू. तो उपाशीपोटी माझ्या माणसांत बसलेला पाहून ते सगळे मी मागे घेतले.

रविवारी पहिल्या बसने येतो. कापड तुझ्या वहिनीने कपाटात नीट ठेवले होते, लुसीचे माप घेतले आहे, उद्या ती झगा शिवून ठेवेल. तीही येते आहे. धपाट्यांत कांदा जास्त घाल.

तुझा,
अंकुशअण्णा

*

तांबडवाडी
शुक्रवार, १३ डिसेंबर १९६८
संत लुसीचा दिवस

येशू मरिया जोसेफ

ती. अण्णास व सौ. वहिनींस,
नागूचा सा. न. वि. वि.

आज तुमच्या भाचीच्या नावाचा सण, म्हणून शेवयांची खीर केली. पांढरा झगा तिनं पाच दिवस झाले तरी उशाशी ठेवलाय. तू तिच्या खांद्यावर तो टाकलास तेव्हा तुझा चष्मा ओला झाला होता, ते ती सगळ्या गल्लीला सांगत फिरते. मी तिला आवरत नाही. चर्चमध्ये तू मागच्या बाकावर ताठ बसलास, गुडघे टेकले नाहीस, आणि फादरांनी नंतर येऊन तुझा हात हातात घेतला, ते सगळं मी जपून ठेवलंय. जाताना तू सत्यभामाबाईंच्या घरी गेलास आणि ह्यांनाही सोबत नेलंस. तिथं ह्यांना चहा मिळाला. त्या गल्लीत राहून इतकी वर्षं झाली, पण डाव्या हाताच्या घरी ह्यांनी घेतलेला तो पहिला चहा.

अण्णा, आता एक गोष्ट लिहिते. ह्यांनी मला लिहू नको म्हणून बजावलंय. म्हणाले, पाव्हण्याला वाटंल आपण उपकार मोजायलोय. पण माझ्यानं राहवत नाही.

शुक्रवारी मिरवणूक बँडशिवाय निघाली. बाकीचे वाजवणारे वाट पाहून घरी गेले. आम्ही जपमाळ म्हणत गेलो. सत्यभामाबाईंच्या अंगणासमोर आलो तेव्हा त्यांची वंदना आम्हाला ऐकू आली. आमच्या काही बायकांनी आपोआप आवाज खाली घेतला. मला ते चांगलं वाटलं, पण आप्पाराव पंचांना नाही. नवस मोडला म्हणून त्यांनी रान उठवलं. तू रविवारी दुपारच्या बसला बसलास आणि संध्याकाळी पंच जमले. क्लॅरिनेट चर्चच्या पैशातलं आहे. ते ह्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरलं. फादर मध्ये पडले, पण पंच एक झाल्यावर त्यांचंही चाललं नाही. हे घरी आले, क्लॅरिनेट पुसलं, नळीतली ओल काढली, फडक्यात गुंडाळलं आणि स्वतः नेऊन दिलं. आता आप्पारावांचा पुतण्या रोज संध्याकाळी त्यात फुंकतो आणि आमच्या गल्लीतली कुत्री ओरडतात. लुसी हसते. हे हसत नाहीत, उठून परसात जातात.

त्या दिवशी तुझ्या दारात येताना काय जाईल ते ह्यांना ठाऊक होतं. मला सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, म्हणूनच बुटांची थाप मारली. मी तुझी वाट बघत होते आणि रागावत होते. वाट ह्यांनी केली.

नाताळची मिस्सा आहे. देवदूतांचं गाणं सुरू होईल आणि दुसराच कुणी वाजवेल. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे बाकावर रिकाम्या हातांनी बसतील. मी बायकांच्या बाजूला असते, ह्यांच्याजवळ बसू शकत नाही. उजव्या घरांचे पुरुष ह्यांच्या शेजारची जागा मोकळी सोडतात, गेल्या रविवारी पंच जमल्यापासून रोजच्या मिस्साला तसंच चाललंय.

ती जागा तुझी आहे, अण्णा. ये आणि बस.

वाट पाहणारी,
नागू