तुझ्या तुपाच्या जिवावर

मुंबई

तीर्थरूप बाई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

कालव्याच्या चारीला पाणी सुटावं म्हणून इथं उपोषणाला निघताना न्हावऱ्याच्या चौकात मी गरजलो होतो, "खरा शेतकरी असेल तो माझ्या शेजारी बसेल!" आपला दानिएल बसला. काल तो कोसळला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाशी शरीर आधी यकृतातली साखर वापरतं. ती दिवसभरात संपते, मग चरबी जळते. माझ्या अंगावर तुझ्या तुपाची चरबी भरपूर आहे. दानिएलच्या अंगावर ती नव्हतीच, म्हणून त्याचं शरीर स्वतःचं मांस खात होतं. आणि मी त्याला त्यागावर भाषणं देत होतो!

तरी तो सलाइन लावू देईना. "आप्पा, तुमी बसलाय तवर मी कसा उठू? गावात तोंड कुठं दावू?"

मग सगळ्यांदेखत मीच आधी लिंबूपाणी प्यालो. लोक हसले. त्यानंतर त्यानं सलाइन लावू दिलं.

चारीला पाणी काही मिळालं नाही. हेलनला सांग, तिचा नवरा आता भात खातोय. तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

गाव मला पळपुटा म्हणेल. म्हणू दे, तू भांडू नकोस.

तुझा,
इंद्रजीत