पडवीतली गाडी

२२ फेब्रु., रवि.
दादाचा मुंबईहून फोन. शिमग्याला येतोय, गाडी धुऊन ठेव. गणपतीत नि शिमग्यात चार दिवस फिरते ती मोटरसायकल, बाकी वर्षभर पडवीत ताडपत्रीखाली. घर मी सांभाळायचं, आंब्याची कलमं मी, आता गाडीही. कंटाळा आला.
धुतली. टायरची नक्षी नव्यासारखी. हवा भरली तशा बाजूला चिरा दिसल्या. नख जातं आत. पुढच्यालाही तेच. उभ्या उभ्या मेलेत दोन्ही.

२३, सोम.
दादाला फोन केला. टायर बदल, गाडी घेतल्यापासूनचे आहेत.
"अरे, पळालीय किती ती? नक्षी बघ ना."
बघितली रे बाबा. चिरांचं सांगितलं तर हसला. थोरला ना, त्याला कोण शिकवणार.
ऑफिस सुटल्यावर रत्नागिरीत दुकानात विचारलं. हे माप मागवावं लागेल, शिमगा होऊन जाईल म्हणाले.

१ मार्च, रवि.
दादा, वहिनी, मुग्धा आले. पालखी घरी येऊन गेली की गुहागर, वहिनीच्या माहेरी. तिघं एका गाडीवर. घाट, ऊन, तापलेला रस्ता, आणि ते टायर...
जेवताना परत काढलं. माझी स्कूटर ने म्हटलं. दादा म्हणाला, "तुला माझी गाडी पहिल्यापासून खुपते."
एवढं केलं त्याचं हे. आम्ही दोघंच असताना बायको, मंदा, म्हणाली, तुमचे भाऊ, तुम्हीच काय ते बघा.

४, बुध.
बघितलं. सकाळीच गाडीची खुंटीवरची एकुलती एक चावी खिशात टाकली.
मग शोधाशोध. मुग्धाने, बिचारीने, तांदळाचा डबासुद्धा उपसला. मीही कपाटाखाली वाकून शोधल्यासारखं केलं. लाज वाटली.
तेवढ्यात पालखी दारात. मंदाने ओटी भरली. दादाने मानकऱ्यांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं. पोरीचं शिक्षण, दादाची नोकरी, आणि शेवटी, "हरवलेली चावी लेकरांच्या हाताक लागू दे रे महाराजा."
सगळे म्हणाले, होय महाराजा. मीही म्हटलं. हात खिशावर.
शेवटी एस.टी.ने गेले. स्कूटर पुन्हा देऊ केली, दादाने बघितलंसुद्धा नाही. वहिनीला एस.टी. लागते, हाल झाले असणार. वाईट वाटलं. दुपारी मात्र गाढ झोपलो, कितीतरी दिवसांनी.

७, शनि.
गुहागरहून काल परत आले, आज मुंबईला गेले. निघताना दादा गाडीपाशी थांबला. टायरला अंगठा लावला, चीर उघडली, मिटली. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "चावी मिळाली की खुंटीवर ठेव. टायरचं गणपतीत बघू."
बघू म्हणाला. बदलू नाही म्हणाला.
ताडपत्री घातली. चावी अजून माझ्याकडेच. देवीपुढे गाऱ्हाणं झालंय, म्हणजे कधीतरी सापडायला तर हवीच.