एका चांदणीचा गुलाबी

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या कृपेने तो कागदावरच घालतो आहे, गोड मानून घ्यावा.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. थेंब वेळेवर घालता ना? वाकू नका, आणि हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. थांबत थांबत वाचा, पण स्वतः वाचा. माझी तब्येत उत्तम. स्वयंपाक जमतो, म्हणजे खाता येतो.

गेल्या महिन्यात भिंतीवरचं तुमच्या बहिणीचं चित्र बघून तुम्ही म्हणालात, हिला बरं नाहीये का? मी म्हणालो, चित्राला काही झालेलं नाही, मोतीबिंदू तुम्हाला झालाय. तुम्ही चहाचा कप तसाच ठेवून निघून गेलात. पुढची हकिगत सांगायची आहे, पण त्यासाठी आधी रंगाच्या दुकानात जावं लागेल.

ही गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी तेलरंग हातात घेतले. (ती असताना एकदाच तिचं चित्र काढलं होतं. तिने विचारलं, हे गृहस्थ कोण?) दुकानदाराने पहिल्याच दिवशी विचारलं, विद्यार्थ्यांचे रंग देऊ की व्यावसायिकांचे? आता मी चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. शब्द म्हणजे शब्द. चित्रकला माझा व्यवसाय नाही, तेव्हा व्यावसायिकांचे रंग घेणं म्हणजे धडधडीत खोटेपणा. अडुसष्टाव्या वर्षी का होईना, मी विद्यार्थीच! तो बिचारा काहीतरी समजावत होता, मी ऐकून घेतलं नाही. (माझा स्वभाव तुम्ही जाणताच.) त्या रंगांनी चौदा चेहरे बिघडवले आणि पंधराव्याला तिच्या गालांवरचा गुलाबी हुबेहूब उतरला. कसा, ते विचारू नका. चित्र खिडकीसमोर लावलं आणि वर्षभर रोज तिच्याशी बोललो, अगदी आज भाजी कुठली करू इथपर्यंत.

तुम्ही गेल्यावर चार दिवस धुसफुसत होतो. पाचव्या दिवशी पुसायला म्हणून चित्र फ्रेमबाहेर काढलं. फ्रेमखाली झाकलेली शालीची कड चांगली गुलाबी होती, आणि उघड्यावरची शाल पिवळट. गालही पिवळट. तसाच चित्र काखेत मारून दुकानात गेलो. त्याने रंगाची नळी उलटी करून मागची चांदणी दाखवली. चार चांदण्या असल्या तर रंग टिकतो, एक असली तर उजेडाने उडतो. माझ्या गुलाबीला एक. सरावाला चालतो म्हणाला, भिंतीवर लावायला नाही. नळीवर छापलेलं ते सगळं मी वाचलं नव्हतं असं नाही, अक्का. वाचलं होतं. तिथे एक पूर्णविराम राहून गेलाय, हेसुद्धा टिपून ठेवलं होतं. अर्थाकडे तेवढं लक्ष गेलं नाही.

आणि खरं सांगू? तीन वर्षांपूर्वी, ती असताना, ही अशी फिकी का दिसते, हेही तुम्हीच आधी विचारलं होतंत. मी म्हणालो होतो, उन्हाळा आहे. रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो मी. दोन्ही वेळा ती माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेली आणि मला दिसलं नाही. फार वाईट वाटतं.

मग मुकाट्याने व्यावसायिक गुलाबी घेतला. नळी करंगळीएवढी, पण शंभर वर्षं टिकेल म्हणाला. म्हटलं, इतकी वर्षं बघणार कोण? पण द्या. हा रंग भलताच जहाल आहे. टाचणीच्या टोकाएवढा लावला तरी तिला ताप चढल्यासारखा दिसतो, आणि कमी करावा तर पुन्हा आजारी. दोष रंगाचा नाही. मलाच तिचा रंग आठवेनासा झालाय. फोटोंमध्ये तो नाही. हे अजून कुणाजवळ बोललो नव्हतो.

बाकी सर्व ठीक. डोळ्याला जपा.

तुमचा हट्टी मेहुणा

ता. क. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली की या, आणि सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसा. तुम्हा दोघी बहिणींना राग अगदी सारखा चढतो, आधी कानाच्या पाळ्या, मग गाल. त्या दिवशी कप खाली ठेवताना तुमच्या गालांवर तिचाच रंग आला होता. मी तो बघत राहिलो, म्हणून तुम्हाला थांबवायचं राहून गेलं.

आणखी एक. या पत्रात मी माफी मागितलेली नाही, ती विसरून नव्हे. मागितली तर तुमचा राग जाईल, म्हणून. तेव्हा कृपा करून रागावलेल्याच या. चित्र पुरं झालं की हात जोडून मागेन. मात्र तेलरंग सुकायला आठवडा तरी लागतो, तोवर राहावं लागेल.