बेलाच्या कवट्यांचा कोळसा

अण्णा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, एवढ्या काळात तुमच्याकडे दाद मागायची वेळ मी येऊ दिली नव्हती. आज आली. तुमच्या सुनेनं माझी तपकिरीची डबी जप्त केली आहे. आरोप असा, की मी चिमूट घेतली की धूळ उडते आणि तिला खोकल्याची उबळ येते. मी म्हटलं, "अगं, चिमूट माझ्या नाकात, खोकला तुझ्या छातीत, हा कुठला न्याय?" इतकी वर्षं पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला उत्तर मिळालं, "तुमचा न्याय पाठशाळेतच ठेवून येत जा." डबी पिठाच्या डब्यामागे आहे हे मला ठाऊक आहे. तरी हात लावत नाही.

खोकला मागच्या थंडीपासूनचा. काशीत दूधविनायक मोहल्ल्यातल्या आपल्या घरामागे आता जुन्या जरीतून चांदी काढण्याचा कारखाना झाला आहे. ती तेजाबात टाकली की तांबूस धूर उठतो आणि सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरतो. मालक भला माणूस, हात जोडून म्हणतो, "पंडितजी, पेट का सवाल है." त्याच्या पोटाचा आणि हिच्या छातीचा तंटा मला सोडवता येईना. मग चालू लढाईमुळे राजा घाटावर सरकारी माणूस विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाखवायला आला. मुखवट्याच्या डब्यात काळे दाणे होते. नारळाच्या करवंटीचा कोळसा, म्हणाला, हवेतलं विष धरून ठेवतो. मी एक मुखवटा घरच्यांसाठी मागितला. तो हसला, "पंडितजी, पहनकर रोटी बनाएँगी?"

मुखवटा मिळेना, म्हणून कोळसाच करायचं ठरवलं. काशीत नारळ येतो पूजेपुरता, आणि पूजेतला गंगेत जातो. पण उन्हाळ्यात शरबतवाल्याच्या दुकानामागे बेलाच्या रिकाम्या कवट्यांचा ढीग पडतो. मी पोतं भरून आणलं, तशी ही दारात आडवी. "बेल जाळणार? काशीत बसून?" मी म्हटलं, देवाला पान वाहतात, कवटी नाही. तीन दिवस पोथ्या चाळल्या; दोन्ही बाजूंनी वचनं सापडली, शास्त्राची ही मोठी सोय आहे. शेवटी निकाल तिनंच दिला. एकेक कवटी धुते, कपाळाला लावते, "देवा, औषधाला नेतेय" म्हणते आणि मग माझ्या हातात देते. औषधासाठी वनस्पती तोडण्याआधी तुम्ही अशीच परवानगी मागत होता. मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं.

पुढची कृती तुमचीच. अजून दिसतं, तुम्ही अंगणात बसला आहात, दोन मातीच्या परळांत औषध घालून एकावर एक पालथे घालता, सांध्याला मातीत भिजवलेलं फडकं गुंडाळता, भोवती गोवऱ्या रचता. मी अकरा वर्षांचा. तुम्ही आत वळलात तसं मी चिमट्यानं ते संपुट उघडलं. आतला काळा कोळसा माझ्या डोळ्यांसमोर लाल झाला आणि पांढरी राख होऊन बसला. तुम्ही मारलं नाहीत. "गाढवा, निवायच्या आत वारं लागलं की राखच," एवढंच म्हणालात, आणि त्या राखेनं घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी माझ्याकडून घासून घेतलीत. आता एकावन्नाव्या वर्षी मी कवट्या भरून पहिलं मडकं गोवऱ्यांत लावलं. आत तिला उबळ आली, थांबेना, आणि मला धीर धरवेना. गरमच उघडलं. ती तोंडाला पदर लावून बाहेर आली, राखेकडे बघितलं आणि खोकता खोकता हसली; तो जुना किस्सा तिनं तुमच्याच तोंडून ऐकलेला. "मामंजींचं शिकवणं चांगलंच लक्षात राहिलंय हो."

दुसऱ्या खेपेला थांबलो. तो कोळसा कॉलेजात रसायन शिकवणाऱ्या बंगाली बाबूंना दाखवला. ते म्हणाले, "सादा कोयला नहीं चलेगा. लाल होने पर भाप दीजिए, तब उसमें महीन छेद खुलेंगे." म्हणून मडक्याला लोखंडी नळी बसवली, चहाच्या किटलीची वाफ तिच्यातून सोडली. दाणे कुटून, चाळून, मलमलीच्या दोन पडद्यांत भरून ती चौकट खिडकीत लावली. त्या दिवशी भाकरी थापता थापता ती थांबली, नाक वर करून म्हणाली, "अहो, आज वास नाही." अण्णा, दरबारात शाल मिळाली असती तरी मी इतका फुगलो नसतो. दर दोन दिवसांनी दाणे बदलतो. शेजारच्या मावशींनाही एक चौकट करून दिली.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून उरलेलं लिहितो. लढाईपायी तेजाब मिळेना, कारखाना बारा दिवस बंद आहे. खिडकीतून धूर येत नाही. मी तरीही रोज मडकं लावतो, आणि तीही रोज कवट्या धुऊन देते. खोकला तसाच आहे. परवा तिनं पदराचं टोक घाईनं मुठीत धरलं. त्यावर लाल डाग होता. मी पोथीत बघत असल्यासारखं केलं. तुम्ही नाडी धरून सांगितलं असतंत. इस्पितळात छाती तपासणारा डॉक्टर आहे, चालत जाण्यासारखं अंतर आहे. मी तिला अजून नेलेलं नाही. तो जे सांगेल ते मला माहीत आहे असं वाटतं, आणि मला भीती वाटते.