वेगळ्या गंजातला रस्सा

मोहाडी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय रेणू,

यंदा मंडईला, आपल्या गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला, यायला जमणार नाही, असं तू नवऱ्याकडून, कुंदनकडून कळवलंस. कारण सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. पण दुसरं एक विचारायचं आहे. गेल्या मंडईला तू तुझ्या बाबांसाठी वेगळ्या गंजात, त्या छोट्या पातेल्यात, कोंबड्याचा रस्सा केला होतास. त्यातली खसखस भाजून वाटली होतीस की कच्चीच? मी दोनदा करून पाहिला. पहिल्यांदा मिरची, लवंग, मिरे सगळं काढून टाकलं, तर नुसतं उकडलेलं कोंबडं लागलं. दुसऱ्यांदा भिजवलेले तांदूळ आणि ओलं खोबरं वाटून घातलं, वरून तूप सोडलं. रंग तुझ्यासारखा पांढुरका आला, पण तांदूळ जास्त झाले आणि रस्सा खिरीसारखा बसला. शेजारच्या हर्षाला वाटीभर दिला. काकू, तुमच्या हाताला बरं नाही का, असं विचारून गेली.

आपल्या घरचा रस्सा तुझ्या सासऱ्यांचा, हे तुला ठाऊक आहे. मंडईच्या दिवशी हातमाग बंद आणि चूल त्यांच्या ताब्यात. दगडफूल, शहाजिरे, सुकं खोबरं काळं होईपर्यंत भाजायचे, जवसाच्या तेलात लाल मिरची सोडायचे, गल्लीतली माणसं खोकत दारात यायची. मी फक्त कांदे चिरून द्यायची. ते गेल्यावर त्यांचे कपडे वाटले, माग दुसऱ्याच्या घरी गेला. चव तेवढी राहिली. दरवर्षी मंडईला पहिला घास घेताना मला वाटतं, ते आत हात धुताहेत, आता बाहेर येतील. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक सांगितलं नव्हतं. तंबाखू-सुपारीच्या खर्‍र्‍यानं त्यांचं तोंड गेलं, नागपूरला रेडिएशनचे शेक दिले, त्यानंतरची ती शेवटची मंडई. रस्सा त्यांनीच केला, नेहमीसारखाच. जेवताना ताटाआड पाण्याचा पेला ठेवला होता. मटनाचा म्हणा, कोंबडीचा म्हणा, प्रत्येक तुकडा त्या पाण्यात बुडवायचे, हलवायचे आणि मग तोंडात घालायचे. मी समोर वाढत होते. पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. तुमच्यापुरता कमी तिखट करते, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? म्हटलं असतं तर आजार घरात येऊन बसला असता. माझा समज असा होता.

म्हणून तू जेव्हा म्हणालीस, बाबांना तोंडात जखमा आहेत, शेक चालू आहेत, त्यांच्यासाठी वेगळं करते, तेव्हा या घरात तुझं म्हणणं सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं. वाचनालयातली एवढी पुस्तकं वाचली मी, परक्या माणसांच्या दुःखावर रडले. पण माझ्या जावेनं, कुंताबाईनं, तुझ्या गंजावरचं झाकण उचललं आणि पाहुण्यांपुढे म्हणाली, “सेवकराम गेला आन् त्याचा रस्साई गेला काय वं? हे काय, लेकराची पेज करून राहिली?” सगळे हसले. तू खाली मान घालून पोळ्या लाटत राहिलीस. मला तुझी दया यायला हवी होती. मला लाज वाटली, तीही तुझी.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. तू बाबांना आणायला बसस्टँडवर गेलीस. परत आलीस तोवर कुंताबाईनं ताटं वाढायला घेतली होती. पाहुणे जेवल्याशिवाय रांधणारीनं चाखायचं नाही ही आपल्या घरची रीत, म्हणून तू चाखलं नाहीस. नंतर बोट लावलंस आणि तुझा चेहरा उतरला. सगळे म्हणाले, एकच पळी दोन्हीकडे फिरवली असशील. तूही मानलंस. “आई, माझ्याच हातून झालं असेल,” असं तू मला म्हणालीस. मी म्हटलं, होतं असं कधी कधी.

रेणू, तू बसस्टँडवर गेलीस तेव्हा मी तुझ्या गंजात काळ्या मसाल्याचे दोन चमचे टाकले आणि ढवळलं. तुझे बाबा, केशवराव, जेवायला बसले तेव्हा मी दारात उभी होते. पहिल्या घासाला त्यांचे डोळे भरले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाण्याचा पेला ताटाआड ओढला आणि तुकडा त्यात बुडवला. अगदी तसाच. मी तेव्हाही पुढे झाले नाही. उठताना ते मला म्हणाले, “पोट भरलं माह्यं, बाई. पोरीले काही बोलू नका.” वर्षभर मी हे वाक्य घेऊन बसले आहे. कुंदनला काल फोनवर सगळं सांगितलं. आता तुला लिहिते आहे. मंडई भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. मी एकच गंज चढवणार आहे, पांढऱ्या रस्स्याचा, आणि रीत मोडून सगळ्यांदेखत आधी मी चाखणार आहे. यायचं की नाही ते तुम्ही दोघं बापलेक ठरवा, माझा हट्ट नाही. फक्त हे पत्र बाबांना वाचून दाखव. तुझी पळी दोन्हीकडे फिरली नव्हती.

तुझीच,
जिला तू अजून आई म्हणतेस ती
सुमित्रा