तोंडून न निघणारा शब्द

एंगकोबो, दक्षिण आफ्रिका, नोव्हेंबर

आदरणीय नोंकोसी वन्संना,

तुमच्या भावजयीचा, नोफेझिलेचा, वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तिकडच्या, समुद्रकाठच्या ईस्ट लंडनच्या दमट हवेने त्यांचा छळ मांडला असेल, तर इकडून पाला पाठवते. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुमचे बंधू सुखरूप आहेत आणि गोठ्याचं फाटक दुरुस्त करताहेत (ईस्टरपासून). इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हिला फोन करायला काय झालं? वन्सं, फोन आहे. नवाकोरा आहे. पण तो मला ओळखत नाही.

मामंजी जाण्याआधी एकदा चुलीपाशी बसले आणि त्यांनी कुळातली सगळी नावं, बापामागून बाप, स्तुतीसकट म्हटली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी ती फोनमध्ये भरून घेतली. डिसेंबरात तुमचा भाचा लवांडिले डोंगरावरचे वयात येण्याचे विधी पुरे करून, पुरुष होऊन घरी येईल, तेव्हा गोठ्यापाशी ती नावं कुणीतरी म्हणायला हवीत. तुमचे बंधू पणजोबांपर्यंत नीट जातात आणि मग त्यांना खोकला येतो. म्हणजे आता सगळी भिस्त त्या रेकॉर्डिंगवर.

रेकॉर्डिंग हरवू नये म्हणून गावातल्या दुकानात गेले. तिथल्या पोरीने ते इंटरनेटवर माझ्या खात्यात ठेवून दिलं आणि म्हणाली, "माई, आता एक गुप्त शब्द द्या. जन्मात कुणापुढे उच्चारणार नाही असा." मी क्षणभरही विचार केला नाही. सून म्हणून या घरात आले त्या दिवसापासून जे नाव मी जिभेवर येऊ दिलेलं नाही, ज्याच्याशी आवाज जुळतो म्हणून मेंढीलासुद्धा मी वेगळ्याच शब्दाने हाक मारते, त्याहून सुरक्षित काय असणार? मी मामंजींचं नाव टाइप केलं. (बोटाने टाइप केलेलं चालतं का, हे शेजारच्या मामझिझी आजींना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, बोटाला तोंड नसतं, चालतं.) पोरगी म्हणाली, लई भारी शब्द दिलात. मी अभिमानाने घरी आले.

मग जुना फोन दुधाच्या बादलीत पडला. (कसा, ते तुमच्या बंधूंना विचारा. मी नाव घेणार नाही.) नवा घेतला, त्यात तो शब्द टाइप केला, तरी खातं म्हणालं, तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? हा प्रश्न मला तुमच्या आईंनंतर प्रथमच कुणी विचारला. या फोनवरून सध्या फक्त कंपनीलाच फोन लागतो, तो लावला. तिकडे एक यंत्रबाई आहेत, आवाज गोड. म्हणाल्या, कृपया आपला गुप्त शब्द उच्चारा.

उच्चारा!

त्या म्हणाल्या, ऐकू आलं नाही. मी म्हटलं, बाई, ऐकू यायला मी बोलायला तर हवं! मग मी कुळाचं नाव सांगितलं. चूक म्हणाल्या. "लवांडिलेचे आजोबा" म्हटलं. तेही चूक. आता एकच संधी उरली, नंतर खातं कायमचं बंद.

मला त्या यंत्रबाईंचं भारी कुतूहल वाटतं. त्यांना सासर असेल का? असेल, तर त्या सासऱ्यांना काय म्हणत असतील? शेवटी मी कंटाळून सगळी बटणं दाबली तेव्हा एक खरी मुलगी आली, रेफिलवे नावाची, तर तिलाच विचारलं. ती हसत सुटली. मग मी अडचण सांगितली तशी गंभीर झाली.

"माझी आजीपण असंच करायची, माई. पण सिस्टिमला सासू-सासरे कळत नाहीत हो."

"मग अक्षरं सुटी सुटी सांगितली तर?"

"ते चालेल!"

मी मामझिझी आजींकडे पळाले. आजी म्हणाल्या, "तुकडे केले म्हणून कोंबडीची भाजी होत नाही बाई, ती कोंबडीच." झालं. मग तुमच्या बंधूंना फोनवर बसवलं. ते काय, बापाचं नाव छाती फुगवून घेतात. पण रेफिलवे म्हणाली, खातं बाईमाणसाचं आहे, साहेबांनी कृपया दूर व्हावं. साहेब दूर होऊन फाटकाकडे गेले.

असो. गुडघ्यांना जपा. मक्याचं पोतं आणि हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती देत आहे.

तुमची,
नोफेझिले

ता. क. वन्सं, तुम्ही बाई आहात आणि या घरच्या लेक आहात. तुम्हाला ते नाव घ्यायला कुणाची बंदी? तेव्हा टॅक्सी परत निघायच्या आत तुम्ही मी होऊन कंपनीला फोन करा आणि काय झालं ते टॅक्सीवाल्याच्या हाती कळवा. लागणारे आकडे पोत्यात, वरच्या बाजूलाच आहेत. हे नियमात बसत नाही हे मला कळतं. पण नियम करणाऱ्याने आधी एकदा सून होऊन बघावं.

ता. ता. क. माझ्यासारखं बोला, म्हणजे हळू. तुमच्या नेहमीच्या आवाजात बोललात तर यंत्रबाई घाबरून खातं बंद करतील. आणि त्यांनी मध्येच तोडलं तर, कृपा करून, त्यांना त्यांच्या आईवडिलांवरून काही बोलू नका. एकच संधी आहे.

ता. ता. ता. क. हे तुमच्या बंधूंना ठाऊक नाही. त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी, सगळ्या बापजाद्यांची नावं संपल्यावर, मामंजींनी स्वतःचं नाव घेतलं आहे. मग जरा थांबून म्हणाले आहेत, "आणि ही नोफेझिले, माझ्या घरची, हिने हे सगळं जपलं." मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, वन्सं. त्यांनी माझं घेतलं. लवांडिलेसाठी तर हवंच आहे, पण मला ते आणखी एकदा ऐकायचं आहे.