उतार आणि सपाटी यांची वाटणी

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने वाइन करणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. रागही शाबूत आहे, आणि त्याला कायद्याची आडकाठी नाही असं वकिलांनी सांगितलं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं; ते मला काही माहीत नसताना लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि सपाटीवरचा द्राक्षमळा मुलाला. तिथली माती जाड, द्राक्षं गुबगुबीत, त्यांची पांढरी वाइन, शार्डोने, पिकल्या नाशपातीसारखी मऊ. पहिल्याच घोटात सगळं सांगून मोकळी होते. मुलाचा स्वभावही तसाच, दोघांचं जमेल.

२. टेकडीच्या उतारावरचा मळा मुलीला. तिथे मातीपेक्षा दगड जास्त, वारा सतत, घड मुठीएवढे. ही शार्डोने ताठ: आधी हिरवं सफरचंद, मग लिंबाची साल, शेवटी ओला दगड आणि किंचित मीठ. बावीस वर्षं मी ही चव येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आले. अट एकच, तिच्यात सपाटीचा थेंबही पडता कामा नये. कारण पुढे दिलं आहे.

३. कारण माझे कैलासवासी यजमान. पिंपातली वाइन लाकडातून उडत राहते, म्हणून दर आठवड्याला पिंपं काठोकाठ भरावी लागतात. ते काम त्यांचं. मी उतारावर कात्री घेऊन मरमर राबत होते, आणि हे खाली तळघरात उताराच्या पिंपातून बादलीभर काढून सपाटीची ओतत होते. अठरा वर्षं! ते गेल्यावर चार वर्षं तळघराच्या कारभाऱ्याने तेच चालू ठेवलं. गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, "आई, दोन्ही वाइन एकच करून टाकू, गिऱ्हाइकाला फरक कुठे कळतो?" मी त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा कारभाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "बाई, आता वेगळं उरलंय तरी काय?"

मग सगळं ओकला. "साहेब म्हणायचे, बाईंची वाइन फार कडक होते, जरा माणसांत आणू या. पण त्यांना कळलं तर घर सोडून जातील." बरोबर ओळखलं होतं. गेलेच असते.

४. इतकी वर्षं मूग गिळून बसलेल्या या कारभाऱ्याला काहीही ठेवलेलं नाही. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही; त्यामुळे साक्षीदार म्हणून सही करायला तो मोकळा आहे.

५. चौकातल्या वाइनच्या दुकानदाराला माझी हातांची खुर्ची. "तुमच्या उतारात सपाटी लागते," एवढंच तो म्हणाला होता, आणि मी त्याला हाकलून दिलं होतं. अकरा वर्षं बोलले नाही. त्याची जीभ खरी होती. माफी मागायला स्वतः जायला हवं, पण पाय उचलत नाही.

६. मागच्या फळीवरच्या बिनलेबलाच्या बाटल्यांविषयी. एका वर्षी यजमानांचा पाय प्लास्टरमध्ये होता. कारभाऱ्याला तेव्हा त्यांची करामत ठाऊक नव्हती. त्याने उताराची पिंपं उताराच्याच वाइनने भरली. ती चाखून मीच थुंकले, "बिघडली" म्हणाले आणि अडगळीत टाकली. परवा मुलीबरोबर एक उघडली. सफरचंद, साल, दगड, मीठ, सगळं जागच्या जागी. मुलगी म्हणाली, "आई, तू सांगायचीस ना, अगदी तश्शी आहे गं ही!" मला रडू आलं, ते रागाचं. जी चव मी सांगत होते ती मी कधी प्यायलेच नव्हते.

या बाटल्यांवर माझं नाव घालावं. बाकी सर्व वर्षांच्या बाटल्यांवरून ते खरवडून काढावं आणि यजमानांचं लावावं. त्या त्यांच्याच हातच्या आहेत.

७. मुलीने आपली पहिली वाइन पाच वर्षं कोणालाही नापास करू देऊ नये. तोवर मी जिवंत असले, तर मलासुद्धा.

वाचून, समजून, रागातच सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. तळघराचा कारभारी (मान खाली घालून) २. घरचे डॉक्टर
ठिकाण: तळघरावरची चाखण्याची खोली
दिनांक: नऊ मार्च, उतारावरची छाटणी संपली तो दिवस